कुंडीतला मोगरा उन्हाळाभर फुलता ठेवायचा तर

मार्च-एप्रिलमध्ये नर्सरीत मोगऱ्याची रोपं कळ्यांनी लगडलेली असतात. घरी आणली की पंधरा-वीस दिवस फुलं मिळतात, मग झाड नुसतं पानांवर येतं. पुढच्या उन्हाळ्यात कशाबशा चार कळ्या लागतात आणि ‘आमच्याकडे मोगरा होत नाही’ असं ठरून जातं. ऊन, पाणी, माती सगळं ठीक असतानाही हे होतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं. जानेवारीत त्याची छाटणी झालेली नसते.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. जुनी, तपकिरी पडलेली फांदी कितीही जाड असली तरी तिच्यावर थेट कळी धरत नाही. म्हणजे झाडावर जितके नवे शेंडे, तितके कळ्यांचे झुबके. उन्हाळ्याच्या बहराची तयारी म्हणूनच थंडीत सुरू होते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे मुख्यतः दोनच कामं उरतात: मुळं थंड ठेवणं आणि प्रत्येक बहरानंतर शेंडे खुडणं.

रोप आणि कुंडी

हजारी मोगरा एकेरी पाकळ्यांचा, घोसाने फुलणारा आणि वासाला तेज. बटमोगऱ्याची कळी आखूड, गोल, गच्च पाकळ्यांची. मदनबाणाची लांबट, टोकदार. वेलमोगऱ्याच्या फांद्या लांब पसरतात, त्याला जाळी किंवा कठडा लागतो. पहिलंच झाड असेल तर हजारी घ्यावा. बटमोगऱ्याचं फूल देखणं असतं, पण गच्च पाकळ्यांच्या जाती संख्येने कमी फुलतात. दमट हवेत त्यांची फुलं पूर्ण उघडण्याआधीच तपकिरी पडतात, हेही लक्षात ठेवा.

काळ्या पिशवीतल्या रोपाभोवती पुष्कळदा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. असं रोप जसंच्या तसं हलक्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मातीत लावलं की पाणी गोळ्याच्या कडेने खाली उतरतं आणि आतली मुळं कोरडी राहतात. कुंडी ओली दिसते, झाड मात्र सुकत जातं. लावण्याआधी पिशवी अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की पिशवी कापा आणि गोळ्याची बाहेरची साधारण एक तृतीयांश माती बोटांनी हळूच मोकळी करा. पूर्ण गोळा फोडू नका, बारीक मुळं तुटतात.

कुंडी १२ इंची हवी, दोन-तीन वर्षांच्या झाडाला १४ इंची. ८ इंची कुंडीत मोगरा जगतो, पण मे महिन्यात ती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते आणि कळ्या गळतात. माती, कोकोपीट, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि भरड वाळू यांचं प्रमाण ४:२:३:१ ठेवा. १२ इंची कुंडीला त्यात एक मूठ, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड मिसळा. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे उलटे ठेवा आणि वरून दीड-दोन इंच जागा रिकामी सोडा. ही जागा नसेल तर पाणी घातल्याबरोबर बाहेर वाहून जातं.

ऊन किमान पाच-सहा तास थेट हवं. तीन तासांच्या उन्हात झाड हिरवंगार राहतं, पण फुलत नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत मोगऱ्याचा हट्ट न धरलेलाच बरा.

संक्रांतीची छाटणी

डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहर धरायचा असेल तर शेतकरी बागेला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात. मोगऱ्यालाही तेच लागू पडतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पाणी कमी करत आणा. जमिनीतल्या झाडाचं पाणी पंधरा-वीस दिवस पूर्ण बंद ठेवता येतं. कुंडीत तसं केलं तर झाड मरेल, म्हणून पानं मलूल झालेली दिसली की एखादा पेला पाणी द्यायचं, इतकंच. काही पानं पिवळी पडून गळतील. ताण बसल्याची ती खूण आहे, घाबरून पाणी ओतू नका.

संक्रांतीच्या आसपास छाटणी करा. विदर्भात आणि जिथे रात्री कडाक्याची थंडी असते तिथे जानेवारीचा शेवटचा आठवडा बरा, कारण थंडीत फूट अडून बसते. मुंबई-कोकणात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातही चालतं.

कात्री धारदार हवी आणि स्पिरिटने पुसलेली. आधी वाळलेल्या, आत वळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुंध्यापासून काढून टाका. पाच ते सात जोमदार फांद्या ठेवा आणि त्या मातीपासून साधारण एक फुटावर कापा. काप पेराच्या पाव इंच वर घ्या. पेराच्या फार वर कापलं तर वरचं खुंट वाळतं आणि कधीकधी ती वाळ खाली उतरते. मग उरलेली सगळी पानं हाताने काढून टाका, देठ खाली न ओढता वरच्या बाजूला मोडून. झाड अगदी बोडकं दिसेल. इथेच बऱ्याच जणांचा हात थांबतो आणि ते चार इंच शेंडे कापून समाधान मानतात. त्याने फूट फक्त वरच्या दोन-चार डोळ्यांना येते आणि झाड खाली लाकूड, वर झुडूप असं उंच होत जातं.

छाटणीनंतर वरची दोन इंच माती उकरून बाजूला काढा. पांढरी बारीक मुळं दिसू लागली की थांबा. दोन दिवस तसंच उन्हात राहू द्या. मग दोन-तीन मुठी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि अर्धी मूठ हाडांचं खत घालून वर ताजी माती भरा आणि तळातून वाहेपर्यंत पाणी द्या. इथून पुढे ताण संपला, नियमित पाणी सुरू. झाड दोन वर्षं त्याच कुंडीत असेल तर कुंडी याच वेळी बदला. बाहेरून गुंडाळलेली मुळं सुरीने इंचभर तासून नव्या मातीत लावा. एप्रिलमध्ये हे काम करू नये.

दहा-बारा दिवसांत पेरांवर तांबूस-हिरवे कोंब दिसतात. फेब्रुवारीच्या अखेरीस फूट वीतभर लांब होते, चार-पाच पानांच्या जोड्या येतात. अशा एखाद्या शेंड्याकडे जवळून बघा. शेवटच्या दोन पानांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन हिरव्या कळ्या असतात आणि प्रत्येकीच्या बुडाशी हिरव्या केसांसारखं निदल, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. तिघींतली मधली आधी मोठी होते, ती उमलून गेल्यावर बाजूच्या दोघी. म्हणून पहिलं फूल काढताना देठ ओढून झुबका तोडू नका.

खत: केव्हा आणि किती

फूट येत असताना नत्र लागतं. फूट वीतभर झाली की ते आवरायचं. या टप्प्यावरही युरिया किंवा शेणस्लरी चालू ठेवली तर पानं तळहाताएवढी होतात आणि शेंडा कळी धरण्याऐवजी वाढतच जातो. कोंब दिसल्यापासून कळ्या दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घेऊन, एका कुंडीला अर्धा लिटर द्या. कळ्या दिसल्यावर त्याऐवजी नत्र नसलेलं ०:५२:३४ लिटरला १ ते २ ग्रॅम, तेही पंधरवड्यातून एकदाच. खत नेहमी ओल्या मातीत घाला. कोरड्या मातीत घातलेलं रासायनिक खत एप्रिलच्या उन्हात मुळं भाजतं, आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात.

रासायनिक नको असेल तर शेंगदाणा पेंडीचं पाणी उत्तम. १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, रोज एकदा ढवळा, गाळा आणि दहा पट पाणी मिसळून कुंडीला अर्धा लिटर द्या. पेंड तशीच कोरडी मातीवर टाकली तर मुंग्या, बुरशी आणि वास, तिन्ही येतात.

अंड्याची टरफलं मात्र मोगऱ्याला घालू नका. त्याला किंचित आम्लधर्मी माती आवडते आणि टरफलातला चुना उलट दिशेने नेतो. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरी तर आधीच चुना जास्त झालेला असतो.

एप्रिल-मे: मुळं थंड ठेवा

मोगऱ्याच्या पानांना ४० अंशांचं ऊन सोसतं. कुंडीतल्या मुळांना ते सोसत नाही. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल, थंड मातीत असतात. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला वरून ऊन, बाजूने ऊन आणि खालून तापलेली फरशी. दुपारी तीन वाजता कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूला हात लावून पाहा. हात ठेवता येत नसेल तर आत मुळं शिजत आहेत.

कुंडी फरशीवर थेट ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. खालून हवा खेळते आणि तळाची भोकंही मोकळी राहतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर सावली एकमेकींवर पडते, पश्चिमेला सर्वात मोठी कुंडी किंवा एखादी जुनी फळी उभी करा. प्लॅस्टिकच्या कुंडीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. मातीवर दोन इंच जाडीचं आच्छादन हवंच: वाळलेली पानं, उसाचं पाचट, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जे मिळेल ते. बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. नागपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा, पण डोक्यावर आणि पश्चिमेला. पूर्वेकडून सकाळचं ऊन आत येऊ द्या. दिवसभर जाळीखाली ठेवलेला मोगरा फुलं कमी देतो.

पाणी सकाळी आठच्या आत. १२ इंची कुंडीला एप्रिलमध्ये दीड ते दोन लिटर लागतं. तळातून पाणी निघेपर्यंत घालायचं, हे खरं माप. संध्याकाळी बोट इंचभर मातीत घाला. कोरडं लागलं तर अर्धा लिटर आणखी. दुपारी झाड मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी घालू नका. आधी बोटाने तपासा. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर ते उन्हाने, संध्याकाळी आपोआप सावरतात. टाकीतून आलेलं पहिलं पाणी दुपारी कढत असतं, पाइप धरण्याआधी ते वाहून जाऊ द्या.

माती एकदा पूर्ण सुकली की कोकोपीट पाणी घेत नाही, सगळं कडेने निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याने भरलेल्या टबात ठेवली की पुन्हा भिजते.

पाण्याच्या प्रतीचं थोडं. एसीतून गळणारं पाणी मोगऱ्याला चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र नळाच्या पाण्याहून जास्त खारट असतं, ते कुंडीत नको. मातीवर पांढरा थर आला असेल तर तो खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा सावकाश पाच-सहा लिटर साधं पाणी ओतून क्षार तळातून धुऊन काढा.

काय बिघडतं आणि का

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुनखड जास्त झाल्याने ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी नुसतं शेणखत वाढवून फायदा होत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ३ ते ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. द्रावण त्याच दिवशी वापरा, कारण ते ठेवलं की तांबूस होतं आणि उपयोगाचं राहत नाही. फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग पडतात, खाली कागद अंथरा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर तो लोहाचा प्रश्न नाही. तिथे नत्र कमी आहे किंवा पाणी साचतंय.

कळी जांभळी पडून वाळते तेव्हा दोन वेगळ्या किडी असू शकतात आणि उपाय वेगळे आहेत. कळीला बारीक भोक असेल, झुबक्यातल्या कळ्या जाळ्याने एकत्र चिकटल्या असतील, तर ती कळी पोखरणारी अळी. तो झुबका तोडून पिशवीत बांधून फेका, खताच्या डब्यात टाकू नका. मग ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चमचाभर पातळ साबण. भोक दिसत नसेल, कळी बुडाशी फुगलेली आणि वाकडी असेल, तर कळीमाशी. तिची पिल्लं कळीतून खाली मातीत उतरून तिथे कोषात जातात. नुसत्या फवारणीने ती संपत नाही. आच्छादन काढा, वरची दोन इंच माती हलवून दोन दिवस वाळू द्या, मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि नवं आच्छादन घाला. जांभळ्या कळ्या रोज वेचून नष्ट करा. उमलून गेलेलं फूल गुलाबी-जांभळं होतं ते मात्र नुसतं वयाने, तिथे काही करायचं नाही.

पानांवर पिवळट बारीक ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो झपाट्याने वाढतो. दर तिसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारला तरी बराचसा आटोक्यात येतो. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम प्रभावी आहे, पण ३५ अंशांच्या वर पानं करपतात, आणि कडुलिंबाचं तेल फवारल्यावर किमान तीन आठवडे गंधक वापरायचं नाही.

हिरव्या कळ्या किडीशिवाय गळत असतील तर गेल्या आठवड्यात काय झालं ते आठवा. कुंडी एकदा पूर्ण सुकली का, जागा बदलली का, खत जास्त पडलं का, या तिन्हींपैकी एक असतंच.

कळी काढणं आणि पुढचा बहर

पालघरकडच्या जव्हार-विक्रमगड भागातून दादरच्या फुलबाजारात येतो तो मोगरा कळ्यांच्या रूपातच येतो. घरीही कळीच काढावी. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास झाडापाशी उभे राहिलात की आज उमलणारी कळी ओळखू येते: हिरवट छटा पूर्ण गेलेली, दुधासारखी पांढरी, फुगीर, बोटाला जरा मऊ. तिच्याशेजारची, तितकीच मोठी पण अजून हिरवी झाक असलेली कळी उद्याची. ती आज तोडली तर घरात उमलत नाही. काढलेल्या कळ्या ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळा, रात्री आठ-नऊपर्यंत त्या उघडतात. माठातल्या पाण्यात टाकायच्या असतील तर त्या झाडावर कसलीही फवारणी झालेली नसावी.

एका शेंड्याची सगळी फुलं संपली की तो शेंडा सुकलेल्या झुबक्याखाली पानांच्या दोन जोड्या सोडून खुडा. खालच्या दोन डोळ्यांतून दोन नव्या फुटी येतात आणि चार-पाच आठवड्यांत दोन नवे झुबके. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत मार्चपासून जूनपर्यंत तीन बहर सहज मिळतात. हे खुडणं राहिलं की पहिल्या बहरावरच गाडी थांबते.

जानेवारी हुकली असेल तर एप्रिल-मेमध्ये मोठी छाटणी करू नका. बोडक्या खोडावर ते ऊन पडलं तर साल भाजते. सगळे शेंडे फक्त दोन-तीन इंच खुडा, दोन मुठी गांडूळखत घाला, आच्छादन करा. महिन्याभरात बेताचा बहर मिळेल.

मोगऱ्याशेजारी काय लावावं

ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब, कडक उन्हाचाच. तीन इंचाचे तुकडे थेट मातीत खोचा, दहा दिवसांत धरतात. पाणी मोगऱ्याच्या निम्मंही नको, त्यामुळे एकाच कुंडीत दोघं नकोत. गॅलार्डिया आणि झिनियाचं बी फेब्रुवारीत पेरलं तर साधारण दोन महिन्यांत फुलं सुरू होतात. बोगनवेलीला थोडी तहानलेलीच ठेवा, रोज पाणी मिळालं की ती रंग सोडून पानं वाढवते. मे फ्लॉवरचा कंद एप्रिलपर्यंत मातीत मेल्यासारखा पडून असतो; रिकामी समजून कुंडी उलटू नका. कंदाची मान मातीच्या बरोबरीला असली आणि महिनाअखेर थोडं पाणी सुरू केलं की मे महिन्यात लाल चेंडू वर येतो. अनंताला मोगऱ्याचीच माती आणि मोगऱ्याचंच हिराकस लागतं. पेटुनिया, पॅन्सी मार्चअखेर सुकतात, त्यांचा काळ संपलेला असतो; कुंड्या रिकाम्या करून सदाफुली लावा.

पहिला पाऊस झाला की मोगऱ्यावरची जाळी आणि आच्छादन काढा, विटांवरची कुंडी तशीच ठेवा. जूनच्या शेवटच्या खुडणीतले पेन्सिलीपेक्षा थोडे बारीक, तीन पेरांचे, पाच-सहा इंची तुकडे फेकू नका. खालची पानं काढून, दोन पेरं ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवले तर पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात, आणि शेजारी द्यायला रोपं तयार होतात.